शून्य कार्य

सां पेद्रोच्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट सुटली
तेव्हा रामनाथ शिपायाच्या मिठीत शाळेचा पंखा होता.
पणजीहून वाइंडिंग करून आणलेला.
पाती वेगळी, वर्तमानपत्रात बांधून माझ्याकडे.
खाली ठेवावा तर डेकवर डिझेलचं पाणी,
शिवाय कुणाच्या तरी खुब्यांच्या पाटीतून
गळणारी खारट धार.
तो उभाच राहिला.

मी नववीला विज्ञान शिकवते. सवयीने बोलून गेले:
रामनाथ, पुस्तकाप्रमाणे तुम्ही आत्ता
काहीच काम करत नाही आहात.
बल उभं, जाणं आडवं. कार्य शून्य.
त्याने पंखा या काखेतून त्या काखेत घेतला.
"मग बाई, हे हात कुणाचे दुखतायत?"

याचं उत्तर नाही असं नाही.
स्नायू आतल्या आत आखडतात, सुटतात, पुन्हा आखडतात;
नुसतं धरून ठेवायलाही सकाळची पेज जळत राहते.
पण ते नववीच्या पुस्तकात नाही.
पेपर तपासताना रामनाथला
मला शून्यच द्यावं लागेल.

खारफुटीच्या मुळावर एक बगळा, एका पायावर.
त्याच्या हिशेबाने आम्ही सगळेच वेगात:
मी, चार स्कूटर, खुबे, पंखा,
प्रत्येकाच्या खात्यावर थोडी थोडी गतिज ऊर्जा.
माझ्या हिशेबाने पंखा जागच्या जागी,
खातं रिकामं.
दोघांचंही बरोबर. कुठे उभं राहून बघता
त्यावर आहे, असं मी दर वर्षी सांगते,
आणि सांगताना दर वर्षी
माझाच पाय जरा सरकतो.

काठ दिसू लागला तसा कायतानने गियर काढला.
आवाज थांबला, बोट थांबली नाही.
"आतां ती आपसूक वता," तो म्हणाला,
पोरगी सासरी धाडल्यासारखा.
आज वाळूचा टेम्पो आहे म्हणून त्याने थोडं आधीच सोडलं.
वजन दुप्पट तर थांबायला जागा दुप्पट,
वेग दुप्पट तर चौपट.
(पाणी इतकं सरळ हिशेबाचं नसतं, पण असो.)
कायतान चौथीनंतर कुठल्या वर्गात बसला नाही.
वेगाचा वर्ग त्याला धक्क्यानेच शिकवला,
विशीत असताना, एका दुपारी, जेवायची घाई होती तेव्हा.
हसला की वरच्या दोन दातांच्या जागी
अजून ते गणित दिसतं.

बोट टेकली. टायर दबले, कुरकुरले.
एवढं सगळं चालणं कुठे गेलं?
मी उतरता उतरता टायरला हात लावला.
ऊन होता.
पण सकाळपासून त्याच्यावर सूर्यही होताच,
तेव्हा कुणाच्या नावावर किती
हे मला सांगता येणार नाही.

बावीस वर्षं मी सकाळी ही नदी ओलांडते, संध्याकाळी परत.
विस्थापन शून्य.
गुडघ्यांना मात्र प्रत्येक खेप
वेगळी मोजलेली आहे.

तिसऱ्या तासाला पंखा लागला.
टेबलावर चढून रामनाथने शेवटचा स्क्रू पिळला,
बटण दाबलं, वह्या फडफडल्या,
नेहाली कुडतरकरचा नकाशा उडून खिडकीबाहेर गेला.
वर्ग ओरडला.
आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली.

पंखा थांबला नाही.
"मोजा," मी म्हटलं. कुणीही का विचारलं नाही.
एका पात्यावर वर्तमानपत्राचा चिकटलेला तुकडा,
तो समोर आला की एक.
वर्ग इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता.
अठरा. एकोणीस. रामनाथही दारात, ओठ हलवत,
हात अजून किंचित थरथरणारे.

सगळ्यांचे एकतीस आले.
नेहाली म्हणाली बत्तीस,
शेवटचा अर्धाच होता, पण तो येत होता.